ब्राउझर देतो ते काढून घेऊ नये

संकेतस्थळ सर्वांना वापरता येईल असे करणे म्हणजे ते बांधून झाल्यावर त्यावर आणखी एक थर चढवणे, ही समजूत आमच्या क्षेत्रात इतकी रुळली आहे की कामाच्या आराखड्यातही ‘सुगम्यता’ हा वेगळा आणि बहुधा शेवटचा रकाना असतो. वेळ उरला तर करायचा, नाही उरला तर पुढच्या टप्प्यावर ढकलायचा. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कोणतीही सजावट न करता नीट लिहिलेले साधे एचटीएमएल पान मुळातच बऱ्याच अंशी सुगम्य असते. त्यातला मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जातो, अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, टॅब कळ दाबत एका लिंकवरून दुसरीवर जाता येते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचणारे सॉफ्टवेअर, वरपासून खालपर्यंत सगळे क्रमाने वाचून दाखवतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेत सुरू केलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जतन केलेली पाने आजच्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि आजच्या स्क्रीन रीडरला ती वाचताही येतात. अडथळे त्यानंतर आले आहेत, आणि ते आपण घातले आहेत. त्यामुळे सुगम्यतेसाठी काय जोडावे हा प्रश्न मी नंतर विचारतो. आधी आपण काय मोडले ते पाहतो.

हे कोणासाठी, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त दृष्टिहीन व्यक्ती येते. त्यांचा विचार व्हायलाच हवा, परंतु ज्याचा हात थरथरतो त्याला बारीक बटनावर बोट टेकवता येत नाही, ज्याला हलत्या चित्रांनी भोवळ येते तो सरकणारी बॅनरे असलेले पान बंदच करतो, ऐकू न येणाऱ्याला उपशीर्षकांशिवाय चित्रफीत निरुपयोगी ठरते, आणि ज्याची स्मृती किंवा एकाग्रता क्षीण झाली आहे तो अर्ज भरताना मध्येच हरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १.३ अब्ज लोकांना, म्हणजे साधारण १६ टक्के लोकसंख्येला, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. एवढ्या लोकांना ‘अपवादात्मक वापरकर्ते’ म्हणणे मला पटत नाही.

बटनासारखे दिसणारे आणि बटन असणारे

एकच उदाहरण जवळून पाहू, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गोंधळ याच जातीचा असतो. पानावर ‘अर्ज पाठवा’ असे बटन हवे आहे. विकसक ‘डिव्ह’ हा एचटीएमएलचा साधा टॅग घेतो, त्याला सीएसएस या सजावटीच्या भाषेने रंग देतो, कोपरे गोल करतो, त्यावर माउस नेला की हाताचे चिन्ह दिसेल अशी सोय करतो आणि क्लिक झाल्यावर काय घडावे ते जावास्क्रिप्टमध्ये लिहितो. डोळ्यांना ते बटन दिसते, माउसला ते बटन वाटते. ब्राउझरच्या लेखी मात्र तो एक चौकोन आहे, ज्यात दोन शब्द आहेत. टॅब दाबत पुढे गेले की फोकस, म्हणजे कळफलक आत्ता कोणत्या घटकावर चालतो आहे ती खूण, त्याच्यावर थांबत नाही, त्याला ओलांडून निघून जातो. स्क्रीन रीडर ‘अर्ज पाठवा’ एवढेच वाचतो, ‘बटन’ असे म्हणत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला ही सूचना आहे की कृती हे कळत नाही. आवाजाने संगणक चालवणारी व्यक्ती ‘अर्ज पाठवा दाबा’ म्हणते तेव्हा तिच्या प्रणालीला दाबण्याजोगे काही सापडेलच याची खात्री नसते. विंडोजमध्ये ज्यांनी ठळक रंगांची योजना निवडलेली असते त्यांच्या पडद्यावर पार्श्वभूमीचा रंग बदलला जातो आणि बटनाची कडाच नाहीशी होते.

आता हेच दुरुस्त करायला बसा. फोकस थांबावा म्हणून ‘टॅबइंडेक्स’ द्यायचा, ते बटन आहे हे सांगण्यासाठी ‘रोल’ द्यायचा, मग एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांसाठी वेगळा कोड लिहायचा. त्यातही खऱ्या बटनात एंटर कळ दाबताक्षणी काम करते आणि स्पेस कळ सोडल्यावर; शिवाय स्पेसने पान खाली सरकते, ते थांबवावे लागते. एवढे करूनही निष्क्रिय अवस्था आणि फॉर्मशी असलेले नाते उरतेच. ‘बटन’ हा टॅग वापरला असता तर यातले काहीच लिहावे लागले नसते. तो टॅग आवडत्या रंगात आणि आकारात सजवता येत नाही म्हणून टाळला जातो, असे कारण एके काळी दिले जाई. आजच्या सीएसएसमध्ये त्या कारणाला काहीही आधार राहिलेला नाही.

‘अरिया’ या मानकाविषयी येथेच बोलले पाहिजे. डब्ल्यूथ्रीसी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ साली त्याची पहिली आवृत्ती अधिकृत केली. एचटीएमएलमध्ये जे घटक मुळात नाहीत, उदाहरणार्थ टॅबांची पट्टी किंवा वृक्षासारखी उलगडणारी यादी, त्यांचा अर्थ स्क्रीन रीडरसारख्या सहायक तंत्रज्ञानापर्यंत पोहोचवणे हा त्याचा हेतू आहे. पण अरिया फक्त सांगते, करत काहीच नाही. चौकोनाला बटन म्हटल्याने त्यात बटनाचे वर्तन येत नाही; उलट स्क्रीन रीडर ‘बटन’ म्हणतो, ऐकणारा एंटर दाबतो आणि काही घडत नाही, तेव्हा आपण त्याला खोटे सांगितलेले असते. म्हणूनच अरियाच्या वापराचा पहिला नियमच असा आहे की एचटीएमएलमध्ये योग्य घटक असेल तर तोच वापरावा. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची स्वयंचलित तपासणी करते. तिच्या पाहणीत अरिया असलेल्या पानांवर सरासरी अधिक चुका आढळत आल्या आहेत. अशी पाने मुळातच गुंतागुंतीची असतात हे त्यामागचे एक कारण असणार, आणि सारा दोष अरियाला देणे योग्य होणार नाही. तरीही अरिया शिंपडले की पान सुगम्य होते हा समज त्या आकडेवारीपुढे टिकत नाही.

सुदैवाने, पूर्वी हाताने बांधाव्या लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आता मानकांतच आल्या आहेत. पानावर उघडणारी संवाद-चौकट घ्या. उघडल्यावर फोकस तिच्या आत गेला पाहिजे, मागचे पान तात्पुरते निष्क्रिय झाले पाहिजे, एस्केपने ती बंद झाली पाहिजे आणि बंद झाल्यावर फोकस जिथून निघाला होता तिथे परतला पाहिजे. यासाठी वर्षानुवर्षे लोकांनी शेकडो ओळींच्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार संग्रह, वापरल्या. ‘डायलॉग’ हा घटक २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे, आणि ‘शोमोडल’ या पद्धतीने तो उघडला तर ही चारही कामे तो स्वतः करतो. उलगडणाऱ्या मजकुरासाठी ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ ही जोडी आहे. नवीन प्रकल्प सुरू करताना कोणतीही लायब्ररी निवडण्याआधी ब्राउझर आज काय काय देतो याची उजळणी करावी, असा माझा आग्रह असतो.

फॉर्म

बातमी वाचता आली नाही तर माणूस दुसरीकडे वाचतो. अर्ज भरता आला नाही तर त्याचा प्रवेश, औषध, पैसे किंवा नोकरी अडते. म्हणून एखाद्या संकेतस्थळाची पारख करायची असेल तर मी मुखपृष्ठाकडे न जाता थेट त्याच्या फॉर्मकडे जातो.

पहिला दोष हमखास लेबलांचा असतो. रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत ‘मोबाइल क्रमांक’ लिहायचे आणि बाहेर लेबल द्यायचे नाही, ही पद्धत दिसायला नेटकी आहे. पण टायपिंग सुरू करताच ती सूचना नाहीशी होते. मध्येच फोन आला आणि माणूस परतून पाहू लागला तर भरलेले चार आकडे कशाचे आहेत हे त्याला आठवावे लागते. शिवाय ती अक्षरे जाणूनबुजून फिकट ठेवलेली असल्याने अनेकांना ती दिसतच नाहीत, आणि काहींना रकाना आधीच भरलेला वाटतो. खरे ‘लेबल’ रकान्याशी जोडलेले असले की स्क्रीन रीडर ते वाचतो, आणि लेबलावर बोट ठेवले तरी रकाना उघडतो. चेकबॉक्सच्या बाबतीत या दुसऱ्या फायद्याचे मोल थरथरत्या हाताच्या माणसाला विचारावे.

ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन ठेवण्याची टूम मला सर्वांत अनाकलनीय वाटते. सहा चौकोन म्हणजे सहा रकाने, बहुधा सहाही निनावी. स्क्रीन रीडर ‘संपादन, रिक्त’ असे सहा वेळा म्हणतो. कॉपी केलेला आकडा पहिल्या चौकोनात पेस्ट केला की एकच अंक उमटतो, चूक झाली की मागे जाण्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळा कोड लागतो, आणि फोनने संदेशातून आकडा आपोआप सुचवण्याची सोयही अनेकदा कोलमडते. एकच रकाना, त्याला लेबल, ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक आणि ‘ऑटोकम्प्लीट’मध्ये एकवेळच्या संकेताचे मूल्य, एवढ्याने अंकांचा कळफलकही उघडतो आणि आकडाही आपोआप भरता येतो. अक्षरांमध्ये अंतर हवे असेल तर ते सीएसएसने देता येते. येथे रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नये, कारण तो प्रकार मोजण्याच्या संख्यांसाठी आहे. बाणाच्या कळेने किंवा माउसच्या चाकाने त्यातली संख्या एकाने वाढते, आणि मोबाइल क्रमांक किंवा ओटीपी एकाने वाढवायचा कोणाचाच हेतू नसतो.

पासवर्ड पेस्ट करू न देणे हा याच घराण्यातला प्रकार. सुरक्षेच्या नावाखाली तो केला जातो, आणि त्याचा परिणाम असा होतो की लोक लक्षात राहतील असे सोपे पासवर्ड ठेवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी यावर स्पष्ट निकष घातला: लॉगिनच्या पायरीवर स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा घ्यायची असेल तर तिला पर्याय किंवा साहाय्य दिले पाहिजे, आणि पेस्ट करू देणे व पासवर्ड व्यवस्थापकाला न अडवणे हे त्या साहाय्याचेच मार्ग आहेत.

चूक दाखवण्याची पद्धत तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ‘पाठवा’ दाबल्यावर दोन रकान्यांच्या कडा लाल होतात आणि बाकी काहीच होत नाही, असे फॉर्म आजही सर्रास आढळतात. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही त्याच्यासाठी काहीच घडलेले नसते, आणि उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे साधारण बारांत एक असतात. ज्याने पान चौपट मोठे केले आहे त्याच्या पडद्यावर तो रकाना बहुधा नसतोच. काय चुकले ते सांगणारा संदेश रकान्याजवळ शब्दांत लिहावा, ‘अरिया-डिस्क्राइब्डबाय’ने तो रकान्याशी जोडावा, ‘अरिया-इनव्हॅलिड’ने रकाना चुकला आहे हे कळवावे आणि फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यावा. अरियाचा हा रास्त उपयोग आहे. आणि शब्द कामाचे असावेत: ‘अवैध माहिती’ याने कोणालाही काही कळत नाही, ‘जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहा’ याने कळते. सर्व रकाने भरेपर्यंत ‘पाठवा’ हे बटन निष्क्रिय ठेवण्याची पद्धतही मला मान्य नाही, कारण बटन दबत नाही एवढेच समजते, काय राहिले ते समजत नाही.

रंग, आकार, अक्षरे

डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची; त्यानंतर २०१८ साली २.१ आणि मग २.२. साधारणपणे तिच्यातली ‘एए’ ही मधली पातळी गाठणे अपेक्षित असते. त्या पातळीवर नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, आणि मोठ्या अक्षरांचा ३:१. पांढऱ्यावर शुद्ध काळ्याचा २१:१ असतो, यावरून मागणी किती माफक आहे ते ध्यानात येईल. करड्या रंगाच्या ७७७७७७ या संकेताचे पांढऱ्यावर ४.४८ भरतात, म्हणजे तो अगदी थोडक्यात नापास होतो. ७६७६७६ चे ४.५४ भरतात आणि तो पास होतो. या दोन छटांतला फरक कोणत्याही डिझायनरला शेजारी शेजारी ठेवूनही सांगता येणार नाही, त्यामुळे सौंदर्य बिघडते हा आक्षेप येथे टिकत नाही. तरीही वेबएमच्या २०२४ च्या पाहणीत ८१ टक्के मुखपृष्ठांवर फिका मजकूर आढळला.

फोकसची कडा काढून टाकणारी सीएसएसची ती एक ओळ मी पाहताक्षणी खोडतो. माउसने क्लिक केल्यावर ती कडा दिसू नये अशी मागणी असते, आणि ती समजण्यासारखी आहे. तिच्यासाठी ‘फोकस-व्हिजिबल’ हा सीएसएसचा निवडक (सिलेक्टर) आहे, जो बटनांवर कळफलकाने फिरताना कडा दाखवतो आणि माउसने दाबल्यावर सहसा दाखवत नाही. तसेच पान मोठे करण्यास बंदी घालणारी व्ह्यूपोर्टमधली (पान पडद्यावर कसे बसवावे ते सांगणाऱ्या टॅगमधली) सूचना कोठेच नसावी. पान ४०० टक्के मोठे केले तरी आडवे सरकवावे न लागता वाचता आले पाहिजे, असा निकष आहे. १२८० पिक्सेलांच्या पडद्यावर ती रुंदी ३२० पिक्सेलांची होते, म्हणजे लहान फोनएवढी. जे पान फोनवर नीट मांडले जाते त्याने हा निकष जवळजवळ आपसूक गाठलेला असतो. अक्षरांचा आकार पिक्सेलऐवजी ‘रेम’मध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत, दिला की ज्यांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्येच अक्षरे मोठी केली आहेत त्यांची निवड आपण पुसत नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांना आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. रोमन लिपीसाठी बेतलेली ओळींची उंची उचलली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला आणि रफाराला भिडतो, आणि ठरावीक उंचीच्या बटनात मात्रा कापल्या जातात. शीर्षकांना डौल यावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पानाच्या पहिल्याच टॅगमधला भाषेचा गुणधर्म. तेथे ‘एमआर’ ऐवजी तयार नमुन्यातून आलेले ‘ईएन’ तसेच राहिले तर स्क्रीन रीडर इंग्रजीचा आवाज निवडू शकतो, आणि तो आवाज देवनागरी गाळतो किंवा भलतेच काही उच्चारतो. भाषा बरोबर लिहिलेली असेल तर नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही दाखवतो. दोन अक्षरांच्या एका गुणधर्माने एवढे साधते.

चित्रांविषयी थोडेच सांगतो. पर्यायी मजकुरात चित्र कसे दिसते यापेक्षा ते तेथे कशासाठी आहे ते लिहावे. केवळ शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, पण गुणधर्म गाळू नये, कारण तो गाळला की काही स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचत बसतात. आणि सूचनेचा अख्खा मजकूर चित्रात टाकून ते चित्र पानावर लावू नये. तो मजकूर शोधता येत नाही, मोठा केला की फुटतो आणि ऐकता तर येतच नाही.

तपासणी

स्वयंचलित साधने चालवावीत, त्यांना फिका रंग, गहाळ लेबल, रिकामी लिंक हे सगळे चटकन सापडते. परंतु पर्यायी मजकूर आहे की नाही हे त्यांना कळते, तो खरा आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने संपूर्ण व्यवहार पार पाडून पाहावा. त्यानंतर स्क्रीन रीडर लावावा. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत आहे. मायकेल करन यांनी २००६ साली ते सुरू केले आणि जेम्स टे त्यांना येऊन मिळाले, दोघेही स्वतः दृष्टिहीन आहेत. फोनमध्ये व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक असतोच. शीर्षकांवरून उड्या मारत पानाचा नकाशा कळतो का ते पाहावे, कारण लांब पानावर हवे ते शोधण्याची स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची ती सर्वांत रूढ रीत आहे. शीर्षकांचे टॅग अक्षरांच्या आकारासाठी निवडलेले असले की तो नकाशा फाटतो. जावास्क्रिप्टने पान न बदलता मजकूर बदलणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये लिंक दाबल्यावर स्क्रीन रीडर गप्पच राहतो का, हेही पाहावे. तसे होत असेल तर पानाचे नाव बदलून फोकस नव्या मुख्य शीर्षकावर न्यावा लागतो.

एक ओळ स्क्रिप्टची जोडा आणि संकेतस्थळ सुगम्य करून घ्या, असे सांगणारी उत्पादने मिळतात. खालचा कोड तसाच राहतो आणि चित्राचा हेतू त्या स्क्रिप्टला ठाऊक नसतो, त्यामुळे मी ती कधीही सुचवत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली अशा एका कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले.

विकसकाने स्वतः केलेली तपासणी आवश्यक असली तरी पुरेशी नसते, कारण डोळस माणूस स्क्रीन रीडर ऐकतानाही पडदा पाहत असतो, आणि रोज तिप्पट वेगाने ऐकणाऱ्याच्या सवयी त्याला नसतात. ज्यांचे जगणे या साधनांवर चालते अशा दोन-तीन जणांना, रीतसर मोबदला देऊन, प्रत्यक्ष काम सोपवावे: हा अर्ज भरा, ही पावती शोधा, हा पत्ता बदला. जुने संकेतस्थळ हाती आले असेल तर सगळीकडे एकदम हात घालू नये. जो व्यवहार लोकांना टाळता येत नाही तो आधी घ्यावा, त्यातली बटने, रकाने आणि चूक दाखवणारे संदेश दुरुस्त करावेत, आणि ते घटक सामाईक संग्रहात ठेवावेत, म्हणजे पुढचा फॉर्म बांधणारा तेच उचलेल. त्या संग्रहात प्रत्येक घटकाच्या चित्राशेजारी टॅब दाबल्यावर फोकस कोठे जातो, स्क्रीन रीडर काय म्हणतो आणि चूक झाली तर कोणते वाक्य दिसते, हेही लिहिलेले असावे.